जावक क्रमांक येईपर्यंत

जळगावातल्या एका खासगी दवाखान्यात मी आरोग्यमित्र आहे. पगार दवाखान्याचा नाही. सरकारी आरोग्य योजनेसाठी नेमलेला मी कंत्राटी माणूस. दारातून आत आलं की डाव्या हाताला माझं टेबल. पेशंटचं रेशन कार्ड आणि आधार बघायचं, केस ऑनलाइन टाकायची, वरून मंजुरी आली की त्याला फुकट उपचार. एवढंच काम. मंजुरी येईपर्यंत माणूस माझ्या टेबलाशी अडकलेला असतो, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. कळलं, आणि हळूहळू त्याची सवय झाली.

मी मुळात कमी बोलणारा. जे सांगणार आहे ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता सांगतो. सजवून सांगायला येत नाही, जसं झालं तसं सांगतो.

अडीच वर्षं झाली. पावसाळा संपत आला होता. शुक्रवारी संध्याकाळी वादळाने पूर्वेकडच्या केळीच्या बागा आडव्या केल्या आणि मागोमाग सातपुड्यातून उतरलेलं पाणी नदीकाठच्या गावांत शिरलं. शनिवारपासून आमच्याकडे पाय मोडलेले, भिंतीखाली सापडलेले लोक येऊ लागले. कागद कोणाकडेच नव्हता. एका आजोबांनी ओल्या पिशवीतून रेशन कार्डाचा लगदा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाच बाबा, सगळं लिहेल हाये यात."

रविवारी दुपारी आम्हा आरोग्यमित्रांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर एक आदेश आला. पूरग्रस्त गावांतल्या रुग्णांना कार्डाशिवाय घ्या. तलाठ्याचा दाखला चालेल, तोही नसेल तर रुग्णाने स्वतः लिहून दिलेलं चालेल, कागद नंतर. त्यात डायलिसिसवाल्यांसाठी वेगळं कलम होतं. एरवी नियम असा की एका दवाखान्यात डायलिसिसची केस चालू असेल, तर तिथल्या माणसाने ती कॉम्प्युटरवर बंद केल्याशिवाय दुसऱ्या दवाखान्याला नवी केस टाकता येत नाही. आदेशात म्हटलं होतं, पुरामुळे बंद पडलेल्या दवाखान्यांच्या बाबतीत ही वाट बघू नका, लगेच उपचार सुरू करा.

वाचून मला बरं वाटलं. खरंच वाटलं. मग दोन बोटांनी कागद मोठा करून मी वरचा कोपरा बघितला. जावक क्रमांकाची जागा कोरी होती. खाली सहीही नव्हती. कचेरीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावर जावक क्रमांक पडतो. तो नसला की उद्या कोणीही म्हणू शकतं, आम्ही हा पाठवलाच नव्हता.

आणि तसं माझ्या बाबतीत एकदा झालं होतं. आदल्या वर्षी असाच एक कागद ग्रुपवर आला, मी त्यावर दोन केसेस घेतल्या. नंतर कळलं, तो नुसता मसुदा होता. दोन्ही केसेस नामंजूर झाल्या आणि खुलासा सादर करा म्हणून मला मेमो आला. आमचं कंत्राट दरवर्षी नवं होतं. त्या वर्षी ते होईपर्यंतचे दोन महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. तेव्हापासून मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की जावक क्रमांक दिसल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही.

ग्रुपवर पाच-सहा जणांनी विचारलं, "सर, हा फायनल आहे का?" उत्तर आलं नाही. धुळ्याच्या एका सहकाऱ्याने लिहिलं, "आम्ही सुरू केलं. जे होईल ते होईल." मला त्याचा हेवा वाटला आणि रागही आला.

सोमवारी अकराच्या सुमाराला ते दोघं आले. नवराबायको, केळीपट्ट्यातल्या एका गावचे. बाई चाळिशीची. अंगावर कोणाचीतरी साडी, ब्लाउज भलत्याच रंगाचा. डावा हात तिने पोटाशी धरला होता. त्या हातावरची शीर दोरीसारखी फुगलेली. अशी शीर दिसली की आम्हाला विचारावं लागत नाही. डायलिसिसचा पेशंट.

"भाऊ, बुधवारी झालं तिचं शेवटचं," नवरा म्हणाला. "शनिवारचं बुडलं. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात छातीभर पानी व्हतं. मशिनी बंद, माणसं बंद. तिथून कोनी फोन उचलत नई."

मी कॉम्प्युटरवर तिचा नंबर टाकला. तिथली केस चालूच दाखवत होती.

"दोन दिवस कुठे होता?"

"शायेत. सगळं गाव शायेतच व्हतं." त्यांच्या पट्ट्यात 'ळ'चा 'य' होतो, शायेत म्हणजे शाळेत.

"काय खाल्लं?" हे मी सवयीने विचारलं. आमच्याकडे डायलिसिसच्या पेशंटला सगळेच विचारतात.

बाई हसली. "केये! बागा पडल्या ना भाऊ, लोकायनं घडच्या घड आनून टाकले शायेत. दुसरं व्हतंच काय? डाळ-तांदूळ काल संध्याकायी आले. मी नको म्हने, मले केयं चालत नई. पन ह्यायनंच चारले. उपाशी मरशीन म्हने."

"अवं, दोनच दिले मी."

"दोन सकायी. आन दुपारचे कोन मोजीन? आता सांगा डॉक्टरले, बायकोले केये चारले म्हनून. पयले तुम्हालेच भरती करतीन."

तो ओशाळून हसला. मीही हसलो. मग ती हसता हसता म्हणाली, "पाय लय जड पडले भाऊ. सकायपासून उचलत नई."

इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळं त्यातच आहे. आमच्या डायलिसिसच्या दाराशी आहाराचा तक्ता लावलेला आहे आणि त्यात लाल अक्षरात पहिलं नाव केळीचं आहे. केळीने रक्तातलं पोटॅशियम वाढतं. धडधाकट माणूस ते लघवीवाटे बाहेर टाकतो. ज्याची किडनी बंद आहे त्याच्या रक्तात ते साचतं, आधी पाय जड पडतात, आणि मग हृदय थांबू शकतं. आमच्या भागात पाहुण्याला, पेशंटला, भुकेल्याला पहिलं केळंच पुढे करतात, म्हणून आमच्या आहारतज्ज्ञ मॅडम प्रत्येक नातेवाइकाला हे ओरडून सांगतात. इतक्या वर्षांत मी ते शेकडो वेळा ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

 तिचा जीव धोक्यात आहे हे ती बोलली त्या क्षणी मला कळलं होतं.

डॉक्टरांची खोली माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. मी जाऊन एवढंच सांगायचं होतं की पाच दिवस डायलिसिस नाही, दोन दिवस केळी खाल्ली आहेत, पाय उचलत नाहीत. त्यांनी तातडीची केस म्हणून लिहिलं असतं. तातडीच्या केसला फोनवर मंजुरी मागता येते. पण मग केस कोणत्या आधारावर घेतली, असं नंतर मला विचारलं असतं. जुनी केस उघडी असताना नवी कशी टाकली? मसुद्यावर? पुन्हा? मी तो सगळा प्रश्नोत्तराचा तास मनातल्या मनात ऐकला. आणि उठलो नाही.

"बसा," मी म्हणालो. "सवलतीचा आदेश आलाय. सहीची प्रत आली की लगेच घेऊ. तासाभरात येईल."

"आदेश आला म्हने," नवरा बाईला म्हणाला, जणू काम झालंच. ते समोरच्या बाकावर बसले.

बारा वाजता डायलिसिसची टेक्निशियन बाहेर आली. "सर, एक मशीन रिकामं झालंय. ह्या बाईंना बसवू का?"

"पेपर येऊ दे."

"काय पेपर पेपर करता? बाई कशी दिसतेय बघितलं का?"

"बघितलं."

ती आत गेली. तिला केळीचं माहीत नव्हतं. मी तिलाही सांगितलं नाही.

योजनेचं काम बघणाऱ्या आमच्या जिल्ह्याच्या साहेबांना मी फोन लावत होतो. ते कलेक्टर कचेरीत पुराच्या मीटिंगला बसले होते. रिंग जायची, कट व्हायची. एकदा मेसेज आला, "सही होतेय." ते वाचून मी निर्धास्त झालो. झालो म्हणण्यापेक्षा, व्हायचं ठरवलं.

नवरा दोनदा टेबलाशी आला. पहिल्यांदा विचारलं, दुसरीकडे नेऊ का? मी चौकशी केली, दुसरीकडे मशीन रिकामं नव्हतं. दुसऱ्यांदा हळूच म्हणाला, "भाऊ, कोनाकडून उसने आनतो. रोख भरले तर?"

"एकदा रोखीने केलं की ही केस योजनेत बसणार नाही. पुढचं सगळं तुमच्यावर पडेल," मी म्हणालो. ते पूर्ण खरं नव्हतं. पण पैसे भरायचे म्हटलं की डॉक्टर तपासणार, डॉक्टर विचारणार, आणि ही माणसं सांगणार की आम्ही अकरा वाजताच त्या टेबलावर सांगितलं होतं. अकराचे तेव्हा दीड वाजून गेले होते. आता उठलो तर इतका वेळ का बसून राहिलो, हे सांगावं लागलं असतं. जसजसा उशीर होत गेला तसतसं उठणं मला जड होत गेलं. हे मी आज सांगतोय तेव्हा वेडेपणाचं वाटतं. त्या खुर्चीत ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं.

दोनच्या पुढे ती बोलायची बंद झाली. ओठांना मुंग्या आल्यासारखं होतंय म्हणाली, ते शेवटचं मी ऐकलं. बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन नवरा तिचे ओठ ओले करत होता. शेजारी बसलेली एक मुसलमान बाई, शहरातली, नवऱ्याच्या प्लास्टरची वाट बघत होती. ती आपल्या फाइलीने हिला वारा घालत होती. थोड्या वेळाने ती उठून माझ्याकडे आली. "भाईसाब, इनको अंदर तो लो. कागज कहीं भागा नहीं जा रहा."

"हो, हो, झालंच," मी म्हणालो आणि मोबाइल उचलून कानाला लावला. कोणाचाही फोन नव्हता.

चार वाजून दहा मिनिटांनी आदेशाची प्रत आली. सही, शिक्का, वर शाईने लिहिलेला जावक क्रमांक. मजकूर रविवारचाच. एक शब्द बदललेला नव्हता. मी खुर्चीतून उठून ओरडलो, "आलं! घ्या आत!" नवऱ्याने मला हात जोडले.

व्हीलचेअरवर बसवताना तिची मान एका बाजूला पडली. तिला आत नेलं, शिरेत सुया घातल्या, आणि मशीन सुरू व्हायच्या आत तिचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी छाती दाबली, इंजेक्शनं दिली, खूप वेळ प्रयत्न केले. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. तिचे पाय दिसत होते, त्यांना अजून गावचा चिखल होता. साडेपाचला डॉक्टर बाहेर आले.

"रक्तात पोटॅशियम भलतंच होतं. काय खाल्लं होतं त्यांनी?"

नवरा भिंतीला टेकून होता. "केये," तो म्हणाला. "मीच दिले साहेब. मीच चारले तिले."

"मग आल्या आल्या सांगायचं नाही का कोणाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत आरोप नव्हता. तो फक्त आठवत होता. "ह्या भाऊले सांगितलं वाटते..."

डॉक्टरांनीही माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे तसं काही बोलले नाहीत," मी म्हणालो.

वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघालं! आवाजही कापला नाही. आणि तो माणूस, आत बायको पांढऱ्या चादरीखाली पडलेली असताना, मला सांभाळून घ्यायला म्हणाला, "नसंल सांगितलं. घाईत राहून गेलं असंल माह्याकडून."

पुढे दवाखान्याच्या चौकशीत मी तेच लिहून दिलं. खाली सही केली. केस मंजूर झाली, नव्या आदेशानुसार, विनातक्रार. मला कोणी काही विचारलं नाही.

त्यानंतर मला जी भीती बसली ती कशाची, हे मला नीट सांगता येत नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी उचलायचो नाही. टेबलासमोर कोणी उभं राहिलं की आधी मी चेहरा बघायचो नाही, हात बघायचो. त्या नवऱ्याचे हात असतील का? तो येईल आणि म्हणेल, मला आता आठवलं. सगळं स्वच्छ आठवेल त्याला, ती कशी हसली, मी कसा हसलो. रस्त्याने केळीचा ट्रक गेला तरी मी दुकानाच्या आडोशाला व्हायचो. धुळ्याला आईकडे गेलो की ती ताट पुढे ठेवून बघत बसायची. "काय व्हयनं रे तुले? बठ्ठं सांगी दे मले," ती तिच्या अहिराणीत म्हणायची, सगळं सांग म्हणून. मी म्हणायचो, काही नाही, ॲसिडिटी आहे.

नंतर नंतर मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटू लागली. तो कधीच येणार नाही याची. त्याला कधीच आठवणार नाही याची.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याच गावची एक म्हातारी मोतीबिंदूसाठी आली होती. गावाचं नाव टाइप करताना माझी बोटं थांबली. मी न राहवून विचारलं, पुरात डायलिसिसची एक बाई गेली होती, तिच्या घरचे कसे आहेत?

"कसे राहतीन?" म्हातारी म्हणाली. "तो बागेत पाय ठेवत नई. बाग दुसऱ्याले वाट्यानं देली. आन पोरगी, कॉलेजात जाते ती, बापाशी बोलत नई. एका घरात राहून. तुम्ही माह्या मायले केये चारून मारलं, असं तोंडावर बोलली ती त्याले. तो आयकून घेतो."

मी तिची केस टाकली, मंजुरी मागितली. बाथरूममध्ये जाऊन नळ सुरू केला आणि तसाच उभा राहिलो.

त्यानंतर आठवडाभर मी जायचं आणि न जायचं ठरवत होतो. नोकरी जाईल, ते मारतील, पोलिसात नेतील, हे सगळं डोक्यात फिरून झालं. शेवटी एका रविवारी सकाळच्या एसटीने गेलो. गावात शिरल्यावर घर विचारत गेलो.

तो ओट्यावर बसून दोर वळत होता. मला ओळखलं त्याने. "या भाऊ, या," म्हणून लगेच सतरंजी टाकली. पाणी आणलं. त्याच्या हातचं पाणी मला पिववेना, पण नाही कसं म्हणायचं? प्यालो. मग सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. तिने मला अकरा वाजता सांगितलं होतं. केळीचं, पायांचं, सगळं. मला त्याचा अर्थ कळला होता. मशीन बारापासून रिकामं होतं. तुम्ही सांगितलं नाही, हे मी खोटं बोललो. तुमची आठवण बरोबर होती.

त्याच्या हातातला दोर थांबला.  मी मार खायला तयार होतो.

"सांगितलं व्हतं ना आम्ही?" तो म्हणाला. "मले वाटे, मीच मनानं रचलं."

मग त्याने घराकडे तोंड करून हाक मारली. "बाहेर ये. हे भाऊ काय सांगतात ते आयक."  त्याने पुन्हा हाक मारली. मुलगी दारात आली, बापाकडे न बघता चौकटीला टेकली.

"सांगा तिले," तो म्हणाला. "मले सांगितलं तसंच."

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं. ती विशीची असेल, चेहऱ्याची ठेवण आईची, पण मला ती हसलेली दिसली नाही.  माझं संपल्यावर तिने स्वच्छ शहरी मराठीत विचारलं, "बारापासून मशीन रिकामं होतं. मग चार वाजेपर्यंत तुम्ही काय केलं?"

"फोन केले. वाट बघितली."

"जेवलात?"

हे मी बापाला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "हो," मी म्हणालो. "दीड वाजता. टेबलावरच डबा उघडला."

"आईसमोर?"

"हो."

"ती काही बोलली?"

"म्हणाली, जेवा भाऊ, आम्ही बसतो."

 मुलगी ओट्यावर आली, बापाच्या मांडीवरचा दोर बाजूला केला आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "पप्पा, आत चला. ऊन आलंय इथे."

तो उठताना अडखळला. तिने त्याला सावरलं. दोघं आत गेले. मी सतरंजीची घडी घातली, ती ओट्याच्या कडेला ठेवली आणि एसटी स्टँडकडे चालू लागलो. चौकशीतला माझा जबाब खोटा होता असा अर्ज मी लिहून खिशात ठेवला होता. सोमवारी तो दवाखान्यात दिला. त्याचं काय होईल याची भीती वाटते, अजून वाटते. पण ती भीती माझी आहे. तिच्यापायी झालेल्याचा दोष त्या घरात ठेवायचा मला हक्क नव्हता.